रंजक पेटते, बार उडत नाही! चकमकीच्या बंदुकीबद्दल विचारायचं आहे

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामासाठी मी दोन हिवाळे पेनसिल्व्हेनियात काढले. तिथे नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. त्यात ठासणीची बंदूक चकमकीचीच, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारीच लागते, स्फोटक टोपीची चालत नाही. शिकार मी केली नाही, पण सहकाऱ्याबरोबर क्लबच्या मैदानावर कागदी निशाणावर बार काढायला जायचो आणि या बंदुकीचा नादच लागला.

अडचण अशी, की दहातले चार बार वाया. चाप ओढला की घोडा पडतो, ठिणग्या उडतात, नळीबाहेरच्या वाटीतली रंजक (बार पेटवायची चिमूटभर दारू) भस्सकन पेटते आणि पुढे काही नाही. म्हणून रंजक वाढवत गेलो, वाटी काठोकाठ भरायला लागलो. तरी तेच. उलट जे बार उडाले तेही 'फस्सss... धाड' असे उशिराने. डिसेंबरात परत जायचंय. चुकतंय कुठे?

जुना_फिटर
मी सातपूरला फिटर होतो, नंतर एकोणीस वर्षं ओहायोत टूलरूममध्ये. तिथे बरेच रविवार या बंदुकीपायी काळे केले, म्हणून सविस्तर लिहितो.

'फस्सss... धाड' म्हणजे रंजक वाटीतून नळीत जाणाऱ्या भोकात शिरली. वाटीतल्या ज्वाळेने भोकातून उडी मारून आतल्या दारूला भिडायला हवं. भोकात दारू बसली की ती आधी फटाक्याच्या वातीसारखी जळत जाते, मग बार. वाटी तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरा. मी तीन ग्रेन (जेमतेम 0.2 ग्रॅम) घालायचो, बारीक दाण्याची, चार एफची (एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक).

रंजक पेटूनही बार न उडणं हे वेगळं दुखणं. साफसफाईनंतर नळीत तेल राहतं. बंदूक भिंतीला उभी केली की ते ओघळून तळाशी, नेमकं भोकापाशी येतं. मी पहिला बार भरण्याआधी गजाने कोरडी चिंधी तळापर्यंत सारायचो आणि नुसती रंजक उडवायचो. चिंधी बाहेर काढली की तिच्यावर भाजल्याचा डाग दिसलाच पाहिजे. डाग नसेल तर भोक बुजलेलं. भोक असतं जेमतेम दीड मिलिमीटरचं, त्यामुळे प्रत्येक बारानंतर तांब्याची तार घालून ते मोकळं करायचं. दर बारानंतर वाटी, गारेची धार आणि गार ज्यावर आपटते ते समोरचं पोलाद कोरड्या फडक्याने पुसा. काजळी हवेतली ओल ओढते, आपल्याकडे जुलैत मिठाला पाणी सुटतं तशी. पोलादाला बोटही लावू नका, तेलकटपणाने ठिणगी मरते.

आणि हे कळकळीने सांगतो. रंजक उडाली पण बार नाही, तर नळी निशाणाकडेच धरून पूर्ण एक मिनिट मोजा. माझ्या शेजारच्या पोराने लगेच नळी खाली घेतली आणि गोळी त्याच्या बुटापुढे वीतभर अंतरावर मातीत घुसली. त्याचा पांढराफटक चेहरा अजून आठवतो.

मोसमकाठ
'रंजक' हा शब्द अजून वापरात पाहून फार बरं वाटलं. त्या भोकाला आपल्याकडे काना म्हणत. तोफा निकामी करायच्या तर कान्यात खिळे ठोकायचे. तोड्याच्या बंदुकीत जळता तोडाच (दोरीची वात) रंजकेवर पडतो, गारेची कटकट नाही. 1818 मध्ये आमच्या मालेगावच्या किल्ल्यात अरब शिबंदी कंपनी सरकारच्या फौजेशी लढली, तेव्हा कंपनीच्या पलटणींकडे चकमकीच्या बंदुका होत्या. मे-जूनमधला वेढा होता तो. वळवाच्या सरीत त्यांच्या वाट्यांचं काय होत असेल, हा विचार किल्ल्याजवळून जाताना हमखास येतो.

इंदिरानगरकर
काका, तेलाचं शंभर टक्के पटलं, बंदूक उभीच असायची. एक सांगायचं राहिलं. नळीत आम्ही पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरायची तयार दारू) भरायचो, दुकानात तेच सहज मिळायचं.

जुना_फिटर
अहो, मग हेच मुख्य कारण! पायरोडेक्स पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. टोपीला ते जमतं, चकमकीला नाही. नळीत अस्सल काळी दारू भरा, अर्ध्या इंची (.50) नळीला साधारण दोन किंवा तीन एफची. इथे परवान्याशिवाय प्रयोग मात्र नको. गंगापूर रोडला राहतो, रविवारी सकाळी या. माझी तांब्याची तार अजून लाकडी मुठीत बसवलेली आहे, ती घेऊन जा.