आईच्या लिव्हरमध्ये हायडेटिड सिस्ट, ऑपरेशन करावंच लागतं का?

माणदेशी_पोरगा: नमस्कार मंडळी. आई ५२ वर्षांची, उजव्या बरगडीखाली जड जड वाटतंय म्हणून दोन-तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात होती, शेवटी सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये ७ सेंटीमीटरची पाण्याची गाठ निघाली, रिपोर्टवर हायडेटिड सिस्ट लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात सुई घालून पाणी काढून बघू, दुसरे म्हणतात डायरेक्ट ऑपरेशन. रक्ताची टेस्ट तर निगेटिव्ह आलीय. कॅन्सर नसेल ना? आमच्याकडं मेंढरं आहेत, दोन कुत्री पण आहेत.

सर्जरीतला: कॅन्सर नाही हा, कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या टेपवर्म नावाच्या जंताची अळी आहे. पण नुसतं बघायचं म्हणून सुई अजिबात घालू देऊ नका. आत प्रेशर असतं, पाणी पोटात सांडलं तर जोराची ॲलर्जी येऊन बीपी एकदम खाली जाऊ शकतं आणि नंतर पोटात ठिकठिकाणी नव्या गाठी होतात. टेस्ट निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं धरू नका, सोनोग्राफीत काय दिसतंय ते महत्त्वाचं. रिपोर्टवर सीई१, सीई२ असा गाठीचा प्रकार काही लिहिलाय का?

माणदेशी_पोरगा: तसं नाही लिहिलेलं. पण गाठीत बारक्या बारक्या गाठी आहेत, मधाच्या पोळ्यागत, असं सोनोग्राफीवाले बोलले.

सर्जरीतला: मग ते सीई२ वाटतंय. आत एकच पोकळी असेल तर आधी जंताच्या गोळ्या सुरू करून, सोनोग्राफीत बघत सुईनं पाणी काढायचं, जंत मारणारं औषध आत सोडायचं आणि परत ओढून घ्यायचं, ही पद्धत चालते, तीही ॲलर्जीची तयारी ठेवूनच. आत अशा बारक्या गाठी, म्हणजे पिल्लं, असली की या पद्धतीचा उपयोग कमी, तिथं बहुतेक ऑपरेशनच. छातीचा एक्स-रे पण काढा, लिव्हरनंतर ही गाठ जास्त करून फुप्फुसात सापडते.

साताऱ्याची_ताई: माझ्या वहिनीचं असंच होतं. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अल्बेंडाझोल ही जंताची गोळी, ४०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा होती, ती उपाशीपोटी नाही तर तूप-दुधाच्या जेवणाबरोबर घ्यायची, तरच अंगी लागते, आणि मध्ये मध्ये लिव्हरची आणि रक्ताची टेस्ट करायला लावायचे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवलं, सोललेल्या द्राक्षांसारखे पांढरट गोळे, मोजता येईनात. आता तीन वर्षं झाली, दरवर्षी सोनोग्राफी करतो, सगळं नीट आहे.

गुरांचा_डॉक्टर: कुत्र्यांचंही बघा भाऊ. जत्रेला बकरं कापलं की पाण्याचे फुगे असलेलं काळीज-फुप्फुस आपण कुत्र्यापुढं टाकतो, तिथनंच हे चक्र फिरतं. असलं काही सापडलं तर जाळा नाहीतर खोल पुरा. कुत्र्यांना वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या, पण त्यानं जंताची अंडी मरत नाहीत म्हणून पुढचे काही दिवस कुत्र्याची घाण हातमोजे घालून उचला आणि तीही पुरा. आईमुळं घरात कुणाला लागण होणार नाही, तिचं ताट-भांडं वेगळं करू नका.

माणदेशी_पोरगा: हे बरं सांगितलंत, चुलतीनं कालपासून आईचं ताट वेगळं काढलं होतं. सुईवाल्यांना नाही म्हणून सांगितलं, सोमवारी सगळ्या फिल्म घेऊन साताऱ्याला सर्जनकडं जातोय. बहीण पण मेंढरामागंच असते, तिचीही सोनोग्राफी करून घेतो.