मदत हवी आहे: काजू कारखान्याच्या ऑफिसात कॉकाटील नेऊ की नको?

नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळ एका काजू कारखान्यात हिशेबाचं काम बघते. घरी एक कॉकाटील (तुरेवाला छोटा विदेशी पोपट) आहे, नाव बंड्या, वय चार वर्षं. आई बहिणीच्या बाळंतपणासाठी कल्याणला गेल्यापासून घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बंद. शेजारच्या काकू म्हणतात, "दुपारभर बोंबलता गो." मी परत येते तेव्हा पिंजऱ्याच्या तळाशी छातीची पिसं पडलेली असतात. रेडिओ लावून ठेवून बघितला, फरक शून्य.

आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न नेहमी हाच येतो: हा आपला हिरवा राघू नाही. राघू पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे मला माहीत आहे. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियातला. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. ज्या विदेशी जातींची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते त्यांत तो नाही. तेव्हा वनखात्याचा विषय कृपया नको.

मालकांना विचारलं, तर म्हणाले, "आण, पण कटिंग-ग्रेडिंगकडे दिसता कामा नये." बरोबरच आहे. खाण्याचा माल, आणि कॉकाटीलच्या अंगावरून पांढरी भुकटी झडते. माझ्या काळ्या कीबोर्डवर बोट फिरवलं की रेघ उमटते. ऑफिस वेगळ्या इमारतीत आहे, मध्ये अंगण. तिथे तीन दिवस नेला.

पहिले दोन दिवस मजेत गेले. सोलणीच्या बायका जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी जमायच्या. एक म्हणाली, "ह्येका तुरो खंयसून इलो गे? पोपट असा की कोंबो?" बंड्याने तुरा ताठ करून तिला शीळ घातली. दुसऱ्या दिवशी त्याने सॅम्पलच्या काट्याचा बीप उचलला. एकही पीस उपटलं नाही.

तिसऱ्या दिवशी घोळ झाला. आमचा बॉयलर काजूच्या टरफलांवर चालतो. टरफलातलं तेल हाताला लागलं तर कातडी सोलवटते, मग त्याचा धूर कसा असेल बघा. बॉयलर पश्चिमेला, ऑफिस पूर्वेला. सकाळी काही जाणवत नाही, पण अकरा-साडेअकराला खारा वारा सुटला की धूर थेट आमच्या खिडकीत. आम्हाला सवय झाली आहे. बंड्या मात्र अंग फुगवून बसला, चोच किंचित उघडी, आणि दर श्वासाला शेपूट वरखाली, वरखाली. मी पिंजऱ्यावर टॉवेल टाकून त्याला जुन्या फायलींच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. वीस मिनिटांनी तो सावरला. मला पुढचा तासभर एक बिल धड करता आलं नाही.

फायलींच्या खोलीत धूर येत नाही, पण खिडकीच नाही. दिवसभर तिथे ठेवणं म्हणजे घरच्यापेक्षा वाईट वाटतं. खिडक्या बंद करून भागेल का? बायका काजूचा तुकडा भरवतात, तो चालतो का? शिवाय (मालक बघत नसताना) सॅम्पलच्या काट्यावर त्याचं वजन केलं: ८४ ग्रॅम. आई जायच्या आधी ९२ होतं. इथले गुरांचे डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "कोंबडीपलीकडे मी पक्षी बघितलेला नाही."

प्रतिसाद:
ताई, धूर आहे तिथे पक्षी नको. खिडकी बंद करून भागत नाही, फटीतून येतोच. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू खेचला जातो आणि तसाच विषारी वायूही. कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत ते याचसाठी. माझे दोन लव्हबर्ड रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर तापत राहिल्याने गेले. मी शेजारच्या खोलीत फोनवर बोलत होतो. घरी कॉइल, धूप, कापूर सगळं बंद करा. कारखान्यातला सालीचा काजू अजिबात देऊ नका, त्याला टरफलाचं तेल लागलेलं असू शकतं. भाजलेला, बिनमिठाचा, नखाएवढा, तोही कधीतरी. ९२चे ८४ म्हणजे जवळजवळ नऊ टक्के घट, आता वाट बघत बसू नका. रोज सकाळी खायच्या आधी वजन लिहून ठेवा आणि गोव्यात किंवा कोल्हापुरात पक्षी बघणारा डॉक्टर शोधा. पण "पक्षी बघता का?" हे फोनवर विचारूनच निघा. दिवसा त्याला माणूस हवा आहे, ऑफिस नव्हे. त्या शेजारच्या काकूंना विचारलंत का?

धागाकर्ती:
धन्यवाद. काकूंचं सुचलंच नव्हतं, त्या तक्रार करतात म्हणून. विचारल्यावर म्हणाल्या, "ठेव, पण कागद तू बदलूचे." त्यांची न्हाणीची चूल परसात पूर्वेला आणि पुढची पडवी पश्चिमेला, म्हणजे दुपारी धूर मागच्या मागे जातो. सकाळी पाणी तापवून झाल्यावरच पिंजरा न्यायचा असं ठरवलं. शनिवारी गोव्यातल्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. आज दुपारी काकूंचा फोन आला: बोंबलत नाही, पण मघापासून काहीतरी बीप-बीप वाजतंय, त्यांनी मोबाईल दोनदा बंद करून बघितला.