अकरा माणसांचा किराणा कसा भागवायचा? (सांगली)

कृष्णाकाठची सून

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागजवळ राहतो. सासू-सासरे, आम्ही चौघं, जूनपासून पुण्याहून परत आलेले धाकटे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि शिकायला आलेला नणंदेचा मुलगा, अशी अकरा माणसं. हे कुपवाडला फाउंड्रीत आहेत. भाजी-दूध सोडून नुसता किराणा साडेअठरा हजारांवर गेलाय.

मी दर आठवड्याला मोठ्या दुकानातून पाकिटं आणते. सासूबाई म्हणतात वर्षाचं भरून टाकू. पण गेल्या उन्हाळ्यात दोन पोती गहू भरला आणि श्रावणात कोठी उघडली तर सोंड्यांनी पीठ केलेलं. निम्मा कोंबड्यांना घातला. मी तिथंच बसून रडले. आता परत भरायचं धाडस होत नाही. काय भरावं, किती, कुठून? मुलांच्या ताटातलं काही कमी करायचं नाही, हे आधीच सांगते.

पलूसची काकू

बाळा, तुझा गहू ओलीनं गेला. विकत आणलेला गहू वाळलेलाच असतो असं धरून चालू नकोस. गच्चीवर कडक उन्हात तीन दिवस पातळ पसर. दाणा दाताखाली धरला की कट्‌ आवाज आला पाहिजे. आणि सगळ्यात मोठी चूक इथं होते: उन्हातनं उचलला आणि गरम गरमच कोठीत ओतला. आत घाम सुटतो. रात्रभर घरात गार होऊ दे, मग भर. मध्ये मध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाल. कोठी भिंतीला टेकवू नको, खाली विटा दे.

पण त्याच्याही आधी एक महिना वही घाल. प्रत्येक दळण वजन करून लिही. आम्ही नऊ माणसं. मला वाटायचं गहू महिन्याला ३० किलो लागतो, लिहिल्यावर २२ निघाला. अंदाजानं भरलं की जास्तच भरलं जातं, आणि जास्त भरलेलंच किडतं.

मी वर्षाचा भरते तो शाळू (रब्बीची ज्वारी), तूरडाळ, हळकुंडं आणि चटणीची, म्हणजे लाल तिखटाची, मिरची. शाळू जत-मंगळवेढ्याकडचा, नवा आला की घ्यायचा. डाळीला एरंडेल, हाताला चकाकी येईल इतकंच. गहू सहा महिन्यांचाच. रवा, बेसन, पोहे, शेंगदाणे कधीही साठवायचे नाहीत, जाळी धरतात नाहीतर खवट होतात. चटणी चैत्रात घरी कर: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. तयार पाकिटापेक्षा स्वस्त पडते आणि एक चमचा जिथं लागायचा तिथं अर्ध्यात भागतं.

आणि आठवड्यातनं दोनदा हुलगे कर. पिठलं, शेंगोळ्या, माडगं. पोरांनी आधी नाक मुरडलं तरी शेंगोळ्या खातातच.

पेठेतला हिशेबनीस

ताई, गणपती पेठेत बावीस वर्षं दुकानाच्या वह्या लिहिल्या, म्हणून तेलाबद्दल सांगतो. डबा घेताना १५ लिटर आहे की १५ किलो, ते वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरचा डबा १३ किलो ६५० ग्रॅम. शंभर रुपयांनी स्वस्त म्हणून लिटरचा डबा नेणारी माणसं रोज बघितली. मला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटायचं, कारण सव्वा किलोहून जास्त तेल कमी घेऊन जात होती. पाकिटांवरही हल्ली किलोमागचा किंवा ग्रॅममागचा दर छापलेला असतो, तोच बघायचा.

साखरेचं पोतं ५० किलोचं येतं. शेजारच्या दोन घरांत वाटून घ्या. हळद मात्र हळकुंडंच घ्या आणि थोडी थोडी दळून आणा. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ती वर्षानुवर्षं टिकायची, तुमच्या डब्यात वर्षभर सहज टिकेल.

वाळवा तालुका

रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. दिरांची नावं कुठल्या कार्डावर आहेत ते बघा. कार्ड पुण्याचं असलं तरी सांगलीतल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. फक्त सगळ्यांची ई-केवायसी झालेली पाहिजे.

कृष्णाकाठची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, गेल्या वर्षी पोती टेम्पोतनं उतरवली ती थेट कोठीत ओतली होती. एक दिवसही ऊन दिलं नव्हतं. तेलाचा डबा आत्ता जाऊन बघितला, लिटरचाच आहे. दिरांचं कार्ड केशरी आहे, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे आणि चौघांची नावं आहेत. सहा महिने कुणी धान्यच उचललेलं नाही. उद्याच जाते.

वही आजपासून घातली. सकाळचं दळण ४ किलो २००. एकच विचारते, गव्हाला एरंडेल लावलं तर चपातीला वास येतो का?

पलूसची काकू

थोडं लावलं तर नाही येत. पण तुम्ही सहा महिन्यांचाच भरणार ना, मग गव्हाला नुसतं ऊन आणि पाला पुरे. एरंडेल डाळीला ठेव.