‘ला रेहेन्ता’ हे नुसतं लफडं? मग मेसिया पुढारी कशाला?

माळरान:
इथेच कुणी लिहिलं, “स्पॅनिश लेखक क्लारीनची ही ‘ला रेहेन्ता’ कादंबरी म्हणजे कंटाळलेल्या बाईचं लफडं, राजकारण नावापुरतं.” राहवलं नाही. आल्वारो मेसिया कादंबरीतल्या वेतुस्ता गावच्या उदारमतवाद्यांचा म्होरक्या. विरुद्ध पक्षाचा प्रमुख एक मार्केस, म्हणजे उमराव, पण त्याला राजकारणाचा कंटाळा, म्हणून तिकडची सूत्रंही मेसियाच्याच हाती. दोन्हीकडच्या नेमणुका तोच ठरवतो! कादंबरी 1884-85ची. माद्रिदला पुराणमतवादी कानोवास आणि उदारमतवादी सागास्ता आळीपाळीने सत्तेत बसायचे, ते इथे एकाच माणसात दिसतं. नायिका आना मेसियाला हवी असते ती तिच्या पाद्र्याला, फर्मिन दे पासला, हरवायला.

गोदाकाठ:
अजिबात नाही. आनाचा नवरा किन्तानार बापाच्या वयाचा, शिकार आणि जुन्या नाटककार काल्देरोनच्या नाटकांत बुडालेला. मेसियाला पक्ष नसता तरी ती घसरलीच असती. तुम्हाला सगळीकडे निवडणूक दिसते.

माळरान:
आणि गुड फ्रायडेची मिरवणूक? आना अनवाणी, जांभळ्या झग्यात अख्ख्या गावासमोर चालते आणि फर्मिनला वाटतं, शत्रू नमले. दुकान बुडालेल्या बारिनागाच्या मरणावरून गेलेली पत त्याने एका बाईच्या श्रद्धेवर परत मिळवली.

जुनीपेठ:
बारिनागाचं दुकान बुडवलं कुणी? फर्मिनच्या आईने, पाउलाने. मेणबत्त्या, पूजेची भांडी सगळ्या पाद्र्यांनी पाउलाच्या दुकानातूनच घ्यायची, मुलाच्या पदाच्या धाकाने. खरी सत्तापिपासू तीच.

शेवंती:
आईवर खापर फोडून मोकळे! पंधरावं प्रकरण वाचलंय का? खाणमजुरांना दारू विकून, रात्री त्यांना अंगबळाने आवरून तिने पोराला शिकवलं. माझ्या आत्याने नवरा गेल्यावर डबे करून मुलं शिकवली, तिलाही लोक ‘पोचलेली बाई’च म्हणायचे.

जुनीपेठ:
तुमच्या आत्याने कुणाला देशोधडीला लावलं नाही. माझ्या काकांचं दुकान एका पुढाऱ्याच्या मेहुण्याने असंच बंद पाडलं. शाळांना तोंडी निरोप गेले, वह्या ‘तिथूनच’ घ्या. कागदावर काही नाही. काका दारू प्यायले नाहीत, पण त्यांनी माणसांत येणं सोडलं. बारिनागा दारू पिऊन, चर्चला नाकारत मरतो ते वाचताना पुस्तक मिटावं लागलं मला.

शेवंती:
काकांचं वाईट वाटलं, खरंच. पण त्या मेहुण्याला बळ कुणाचं? पुढाऱ्याचंच ना? मग फर्मिनला का सोडता? प्रोव्हिसोर, म्हणजे बिशपचा कारभारी, तो आहे, पैसा कुठून येतो ते त्याला ठाऊक आहे.

जुनीपेठ:
सोडत नाही. पण तो निदान मनात जळतो. पाउला रात्री हिशेब मांडते.

शेवंती:
मनात जळण्याने बारिनागाच्या पोटात काय पडलं?

गोदाकाठ:
मिरवणुकीपुरतं माळरान यांचं मान्य, त्यापुढे एक शब्द नाही. द्वंद्वात किन्तानार मरतो, मेसिया माद्रिदला पळतो आणि गाव वाळीत टाकतं आनाला. तिथे कुठला पक्ष आला?

माळरान:
दोन्ही आले. तिला वाळीत टाकणाऱ्या बायका दोन्ही पक्षांच्या घरातल्या आहेत.