जिंकोच्या गोळ्या आणि हृदयाचे औषध

प्रश्न: ७६ वर्षांची माझी आई हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे वॉरफरिन (रक्त पातळ करणारे औषध) घेते. विसरभोळेपणा वाढल्याने तिने मनानेच जिंको बायलोबा (स्मरणशक्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य गोळ्या) सुरू केले आणि काल तिच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. यांचा संबंध असेल का?

उत्तर १: असू शकतो. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून आजच डॉक्टरांना दाखवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासून घ्यावा. वॉरफरिन मात्र परस्पर बंद करू नये.

उत्तर २: स्मरणशक्तीचे म्हणाल, तर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३,०६९ वृद्धांवरील अमेरिकी चाचणीत रोज २४० मिलिग्रॅम जिंको देऊनही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटले नाही. तेव्हा या गोळ्यांसाठी एवढी जोखीम पत्करू नये, असे मला कळकळीने वाटते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, लगेच निघते.