घरच्या घरी गाडी इलेक्ट्रिक केली म्हणता, पण ती थांबते कशी?

चाकणवाला

'पेट्रोलला रामराम : पार्किंगमध्येच झेन इलेक्ट्रिक केली' हा एका जुन्या मारुती झेन गाडीबद्दलचा परवाचा धागा वाचला. खाली नुसता वाहवांचा पाऊस. एकानेही विचारलं नाही की ही गाडी थांबते कशी. तिथे चार ओळीत मावणार नाही म्हणून इथे लिहितोय.

मी अठरा वर्षं चाकण पट्ट्यात आहे, त्यातली शेवटची सहा बॅटरी पॅकच्या लाइनवर. त्या धाग्यातला तिसरा फोटो मोठा करून बघा. ७२ व्होल्टच्या बॅटरी पॅकमधून निघालेली केबल सरळ घरगुती एमसीबीत, म्हणजे घरातला भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये, गेली आहे. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून एमसीबी पडताना आतली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, आतले पॉइंट चिकटतात, आणि नेमकं तोडायची वेळ येते तेव्हा सर्किट तुटत नाही. त्याच केबलच्या टोकाचा लग, म्हणजे जोडणीचा धातूचा तुकडा, पकडीने चेपलाय. तांब्याचे पाच-सहा धागे बाहेर आलेत आणि मानेजवळची लाल स्लीव्ह तपकिरी पडली आहे. म्हणजे तिथे आत्ताच तापतंय. उद्या कात्रजच्या चढावर मोटर पूर्ण करंट ओढेल तेव्हा काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट वजन. १५ युनिटचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक पेटीसकट सव्वाशे-दीडशे किलोला जातो. इंजिन उतरलं तरी ते पुढून उतरलं, आणि हे ओझं डिकीत बसलं. मागची स्प्रिंग तीच, ब्रेकचे लायनर तेच. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनातून मिळायचा, तो गेला. त्याच्या जागी काय बसवलं, याचा त्या धाग्यात एक शब्द नाही.

आणि कागद. आरसीवर इंधन अजून पेट्रोल. कायद्याने एआयएस-१२३ या जुन्या गाड्यांच्या बदल-किटच्या मानकाखाली मान्यता असलेलं किट लागतं, ते कंपनीने नेमलेल्या वर्कशॉपमध्येच बसवावं लागतं, मग आरसीवर बदल. उद्या कुणाला धडक बसली तर विमा कंपनी पहिल्यांदा आरसीच मागेल. ज्याला लागलं त्याने कुणाकडे बघायचं?

झेन९९

तो धागा माझा. उत्तर देतो.

व्हॅक्यूम पंप बसवला आहे. बारा व्होल्टचा, वेगळ्या टाकीसकट. लिहायचं राहिलं, म्हणून मी लोकांच्या जिवावर उठलोय असं होत नाही.

गाडी वडिलांची, १९९९ ची. त्यांनी नोकरीतल्या फंडाच्या पैशातून घेतली होती. गेल्या वर्षी इंजिन बसलं आणि भंगारवाला चाळीस हजार म्हणाला. मी कायदेशीर वाटेनेच निघालो होतो. एका किटवाल्याकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाले, तुमच्या मॉडेलला मान्यता नाही. मग म्हणाले, येईल. तिसऱ्यांदा म्हणाले, साडेपाच लाख भरा आणि दुसरी गाडी घेऊन या. ज्या गाडीसाठी किटच नाही तिच्या मालकाने काय करायचं? नियम मोठ्या कंपन्यांच्या मापाचे शिवलेत.

मोटर गिअरबॉक्सला जोडायची प्लेट मी भोसरीत लेथवर करून घेतली. मोटर आणि गिअरबॉक्सचे दांडे जोडणारा कपलर पहिल्यांदा जरा तिरका बसला तर चाळीसच्या पुढे अख्खं स्टिअरिंग थरथरायचं. तिरकेपणा मोजणारा डायल गेज लावून चार रविवार घासलं, तेव्हा थरथर थांबली. अठरा वर्षं लाइनवर उभं राहिलेल्यांनाच काम कळतं, असं नसतं.

नानापेठ_स्पेअर

चाकणवाले बोलतात ते पटतं, पण हिशोबाचं कुणीच बोलत नाही. दिवसाला २० किलोमीटर धरा, महिन्याला ६००. जुनी झेन शहरात पंधराचा अॅव्हरेज देते, म्हणजे ४० लिटर, चार हजारांच्या वर. विजेवर तेच ७० युनिटमध्ये होईल. वाचले महिन्याला तीन-साडेतीन हजार. साडेतीन-चार लाख घातले तर सुटायला नऊ-दहा वर्षं. पंचवीस वर्षांचा पत्रा तोवर टिकतो का? माझ्या दुकानात रोज येतात, दाराखालचा सिलचा पत्रा हाताने दाबला की बोट आत जातं.

पेट्रोलच्या जोडीला बॅटरीवर चालवणाऱ्या हायब्रिड किटचंही असंच झालं. २०१० मध्ये आपल्या पुण्यातल्याच केपीआयटीने भारत फोर्जला बरोबर घेऊन रेवोलो नावाचं किट दाखवलं, तेव्हा आम्ही पेठेत किती खूश होतो. जुन्या गाडीला हायब्रिड बसवण्याचे नियम यायला २०१६ उजाडलं. पोरांनी तोवर वाट बघणं सोडून दिलं.

वारज्याची_ताई

गाडी कशीही करा, चार्ज कुठे करणार? मी शोरूममधून नवी इलेक्ट्रिक घेतली, सगळे कागद चोख, तरी आठ महिने झाले, सोसायटी चार्जिंग पॉइंट लावू देत नाही. तळमजल्यावर माझ्याच मीटरपासून माझ्याच पार्किंगपर्यंत ३० मीटर केबल, बास. समिती म्हणते, आग लागेल. मी रोज रात्री ऑफिसच्या चार्जरवर गाडी लावून रिक्षाने घरी येते.

सचिव_एकेकाळचा

ताई, समितीला दुष्ट ठरवू नका. आमच्याकडे एकाने न सांगता जिन्यातल्या कॉमन लाइटवरून वायर ओढली होती. चार महिने बिल सगळ्यांच्या माथी. जाब विचारला तर म्हणाला, पर्यावरणासाठी करतोय.

वारज्याची_ताई

त्याने चोरी केली म्हणून मला शिक्षा? जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं होतं की घरच्या आहे त्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. १६ अँपिअरचा सॉकेट, जेमतेम तीन किलोवॅट. तुमच्या गीझरएवढा भार आहे तो. सभेत हे वाचून दाखवलं तर एक काका म्हणाले, "पोरी, तुझ्या गाडीसाठी आम्ही जळायचं का?" मी तिथेच रडले.

सचिव_एकेकाळचा

गीझर एकटा चालतो. दहा गाड्या एकदम लागल्या तर आमची २००३ ची मेन केबल तापणार. ती बदलायचे पैसे कोण देणार?

वारज्याची_ताई

ज्यांच्या गाड्या आहेत ते देतील! मी लेखी दिलंय, माझा वाटा भरते म्हणून. पत्राला पोच नाही. तुम्ही सचिव लोक फाइलवर बसता आणि वर आम्हालाच केबलचा हिशोब सांगता.

सचिव_एकेकाळचा

सहा वर्षं फुकट काम केलं सोसायटीचं. रात्री दोनला पंप बंद पडला की माझी बेल वाजायची. फाइलवर बसतो म्हणे. मी या विषयावर आता बोलणार नाही. वाटा लेखी दिला असेल तर पोच मिळायला हवी होती, एवढं मान्य.

चाकणवाला

धागा पार्किंगमध्ये जाऊन बसला. पण ताईंच्या इमारतीतल्या काकांना भीती कशाची वाटते? बातमीत दिसणाऱ्या आगीची. त्यात एक जरी घरगुती जोडकामाची निघाली, तर ताईंचा पॉइंट आणखी पाच वर्षं अडकला. झेनवाले, म्हणून मी चिडलो.

व्हॅक्यूम पंप लावलाय हे चांगलं केलं. कपलरचं काम ऐकून बरं वाटलं, ते सोपं नाही. किट नसलेल्या गाड्यांना एकेका गाडीची तपासणी करून मान्यता द्यायची सोय हवी, हेही मला पटतं. गाड्या तपासून मान्यता देणारी एआरएआय संस्था वेताळ टेकडीवर आहे, पुण्यात हे होऊ शकत नाही असं नाही. पण तो एमसीबी आजच्या आज काढा. डीसी फ्यूज आणि डीसी काँटॅक्टर (मोठा प्रवाह तोडणारा स्विच) लावा, आणि ते होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. मुलं बसतात ना मागे? त्या पेटीला टेकून बसतात.

झेन९९

मुलगी बसते.

काल रात्री तो लग उघडला. स्लीव्ह सोलल्यावर आतलं तांबं निळसर काळं झालं होतं आणि लग बोटाने फिरत होता. फोटो टाकत नाही.

नियमांबद्दल माझं मत बदललेलं नाही, किटवाल्यांबद्दल तर नाहीच. गाडी उभी केली आहे. तुमच्याकडे लग चेपायचा हायड्रॉलिक क्रिंपर असेल तर रविवारी नऊनंतर या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. फ्यूज कितीचा घ्यायचा, तेवढं आधी सांगा.