डिफरन्शिअलचं कव्हर न खोलता ऑईल बदलणं हे अर्धंच काम आहे. तुमचं मत काय?

घाटमाथा (धागाकर्ता)

गाडी जुनी महिंद्रा जीप. मागचा एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आस, त्याच्या मधल्या फुगीर भागात डिफरन्शिअलचे गिअर) डाना ४४ पद्धतीचा, पाठीमागे १० बोल्टांचं पत्र्याचं कव्हर. कव्हरच्या खालच्या कडेला ऑईल पाझरून त्यावर धुळीचा थर बसला होता. गल्लीतल्या गॅरेजवाल्यांचा सल्ला होता, "ड्रेन प्लग आहे ना, जुनं सोडा, नवीन भरा, कव्हरला हात लावू नका." मी कव्हर खोललं, घासलं, सिलिकॉन (ट्यूबमधून लावायचं, सुकून रबरासारखं होणारं सीलंट) लावून परत बसवलं आणि मगच ऑईल भरलं. त्यावरून घरी-दारी बराच वाद झाला, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की ड्रेन प्लगमधून फक्त पातळ ऑईल बाहेर येतं. हाउसिंगच्या (गिअरभोवतीच्या धातूच्या पेटीच्या) तळाशी बसलेली काळी मळी तिथेच राहते आणि नवं ऑईल तिच्यावरच ओततो आपण. शिवाय क्राउन-पिनियनचे (आतल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचे) दात डोळ्यांनी बघायची संधी दुसरी कोणती? माझ्या गाडीत दातांचा घासलेला पट्टा एकसारखा होता. तळाला बोटाने चोळल्यावर राखाडी पेस्ट लागली, कण हाताला टोचला नाही. ही नेहमीची झीज. चकती किंवा दाताचा तुकडा निघाला असता तर तेव्हाच कळलं असतं. प्लगच्या भोकातून हे दिसत नाही.

आणि कव्हरला सिलिकॉनच लावावं, कागदी पॅकिंग नको, हे माझं दुसरं मत. बोला.

जुना फिटर

पहिलं मत अर्धं मान्य, दुसरं अजिबात नाही.

सिलिकॉन वाईट नाही, पण लावणारे हात वाईट. ट्यूब दाबत सुटतात. कव्हर आवळलं की बाहेर जेवढा वळ येतो तेवढाच आतही येतो, तो तुम्हाला दिसत नाही. पुढे तो सुटून ऑईलबरोबर फिरतो. पिनियनच्या बेअरिंगला ऑईल जायची वाट अरुंद असते, तिथे अडकला तर बेअरिंग कोरडं पडणार. कागदी पॅकिंगचा तुकडा असा आत लोंबत नाही.

दुसरी गोष्ट, पुढच्या वेळी खोलताना काय होतं? कव्हर चिकटून बसलेलं असतं, मग पोरगं स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटतं. हाउसिंगच्या कडेला ओरखडा पडला की तिथून कायमचं गळणार. आमच्याकडे येणाऱ्या गळक्या कव्हरांत अशी उचकटलेलीच जास्त.

घाटमाथा

फिटरकाका, उचकटायचं कशाला? खालचे बोल्ट काढायचे, वरचे २ थोडे सैल ठेवायचे आणि कव्हरच्या बाजूला लाकडी ठोकळा धरून हातोडीने आडवा ठोका द्यायचा. कव्हर सुटतं, खाली पडत नाही आणि ऑईल हळूहळू ट्रेमध्ये येतं.

जाड वळ लावणाऱ्यांबद्दल तुमचं खरं आहे, पण तो दोष सिलिकॉनचा नाही. अमेरिकन जीपच्या (टीजे मॉडेल) वर्कशॉप मॅन्युअलमध्ये डाना एक्सलला सिलिकॉन सीलंटच सांगितलाय, आणि ३ ते ५ मिनिटांत कव्हर बसलं नाही तर सगळं पुसून पुन्हा लावा असंही लिहिलंय. बोल्ट ४१ न्यूटन-मीटर. तो हाताचा अंदाज नाही, त्याला टॉर्क पाना लागतो.

टुरिस्टवाला सातारा

तुमची जीप हौसेची. माझी गाडी रोज भाड्यावर जाते. सिलिकॉन पूर्ण सुकायला २४ तास द्या असं सांगतात, म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडाला. लेव्हल प्लगमधून (वरच्या, ऑईल भरायच्या भोकातून) नळी घालून पंपाने जुनं ऑईल ओढून घ्यायचं, नवं भरायचं, तासाभरात गाडी रस्त्यावर. थोडी मळी राहिली तरी वेळेवर बदललेलं ऑईल, न बदललेल्यापेक्षा बरंच. सगळं नीट करायचं म्हणून लोक कामच पुढे ढकलतात आणि शेवटी क्राउन रडायला लागतो.

कुंडलिकाकाठ

टुरिस्टवाले दादा, घाटावर तुमचं चालून जाईल. आमच्या रोह्याकडे पावसाळ्यात गाडी गुडघाभर पाण्यातून काढावी लागते, तिथे ही पद्धत धोक्याची.

एक्सल चालून तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि एक्सल ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छोट्या तोटीतून), सीलमधून जे मिळेल ते आत ओढतो. मिळतं ते पाणीच. मग ऑईल दुधाच्या कॉफीसारखं होतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. लेव्हल प्लगच्या नळीने वरचं ऑईल ओढलं तर तळातलं पाणी तिथेच राहण्याचा धोका, आणि बेअरिंगवर गंज चढतो. पाऊस संपला की कव्हर खोलून आतून कोरडं पुसायचं, आमच्याकडे याला पर्याय नाही.

घाटमाथा, तुम्हाला एक विचारायचं होतं. कव्हर गळत होतं म्हणता, पण ब्रीदर बघितला का? त्यात चिखल बसून तो बंद झाला की एक्सल तापल्यावर आत दाब तयार होतो आणि जिथे सील कच्चं तिथून ऑईल बाहेर येतं. आज कव्हरमधून, उद्या एक्सलच्या ऑईल सीलमधून थेट ब्रेकच्या ड्रममध्ये. लायनर ऑईलने भिजले की त्या चाकाचा ब्रेक गेला. कव्हर कितीही छान चिकटवलं तरी हा दाब जात नाही.

जुना फिटर

हे शंभर टक्के. गळतीची गाडी आली की मी आधी ब्रीदर काढून फुंकून बघतो, मग बाकीचं. आणि पुढे पिनियन सीलही बघा. तिथून गळलेलं ऑईल वाऱ्याने मागे उडतं आणि कव्हरवर जमतं. लोक कव्हर बदलत बसतात, गळती पुढेच असते.

मृण्मयी पिंपरी

पॅकिंग की सिलिकॉन या वादात तुम्ही दोघंही पत्र्याकडे बघत नाही आहात. मी सीलिंगच्याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दाबलेल्या पत्र्याच्या कव्हरला बोल्ट जास्त आवळले की भोकाभोवतीचा पत्रा आत दबतो. मग दोन बोल्टांच्या मधला भाग हाउसिंगपासून उचललेला राहतो. कव्हर सपाट काचेवर उपडं ठेवा आणि कडेखालून उजेड दिसतो का बघा. दिसला तर भोकांभोवतीचा पत्रा ऐरणीवर हलक्या हाताने सपाट करा. ते न करता कागदी पॅकिंग टाकलं तर गळणारच, कारण कागद फट भरत नाही. सिलिकॉन ती काही प्रमाणात भरतं, म्हणून ते जिंकल्यासारखं वाटतं.

आता सिलिकॉन का सुटतं ते. आपल्याकडे सगळं डिझेलने धुतात. डिझेल उडून जात नाही, पृष्ठभागावर तेलकट थर ठेवून जातं आणि सिलिकॉनला धरायला धातूच मिळत नाही. शेवटचा हात ॲसिटोनचा किंवा ब्रेक क्लीनरचा हवा, तोही धागे न सुटणाऱ्या फडक्याने. कॉटन वेस्टचा एक धागा सिलिकॉनखाली आडवा राहिला तरी ऑईल त्याच्या वाटेने बाहेर येतं. बाथरूमचं सिलिकॉन तर नकोच. गिअर ऑईलमधल्या रसायनांपुढे ते टिकत नाही, ट्यूबवर ऑईलला चालतं असं लिहिलेलंच घ्या. आणि हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, त्यामुळे कोकणात पावसाळ्यात त्या ३ ते ५ मिनिटांच्या भरवशावर राहू नका. साय लवकर धरते. बोल्ट आधीच हाताशी काढून ठेवा, मगच ट्यूब उघडा.

फिटरकाका, तुमचा मुद्दा मी खोडत नाही. सपाट कव्हर आणि चांगलं पॅकिंग असेल तर गाडी लगेच रस्त्यावर आणता येते. टुरिस्टवाले दादांना तेच सोयीचं.

कॅल्गरीकर

इकडे बऱ्याच पिकअपना ड्रेन प्लगच नसतो, फोर्डच्या ८.८ एक्सलला तर नाहीच. ऑईल बदलायचं तर कव्हर खोला नाहीतर पंपाने ओढा. म्हणून इथे कव्हर खोलणं हे नेहमीचंच काम समजलं जातं. आमचा शत्रू पाणी नाही, रस्त्यावरचं मीठ. कव्हरचा पत्रा खालून गंजून पातळ होतो. घासताना जपून घासा, कधीकधी गंजच पत्र्याला धरून ठेवत असतो.

टुरिस्टवाला सातारा

मृण्मयीताई, पॅकिंगचं पटलं. पण ऑईल कोणतं? आमच्याकडे सगळे एकशेचाळीस नंबर (जाड ऑईल) टाका म्हणतात, आवाज कमी होतो.

जुना फिटर

आवाज दाबायला जाड ऑईल टाकणं मला मान्य नाही. आवाज येतोय म्हणजे बेअरिंग किंवा क्राउनचं सेटिंग काहीतरी सांगतंय. पुस्तिकेत ८०डब्ल्यू-९० असेल तर तेच भरा. कायम ओव्हरलोड, घाटातच गाडी, आणि पुस्तिकेत ८५डब्ल्यू-१४० ची परवानगी असेल तर मग वेगळं. पण डब्यावर जीएल-५ बघा. हायपॉइड क्राउनमध्ये पिनियन मध्यरेषेच्या खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर घसरत फिरतात. तिथे हा दर्जा लागतोच. मात्र तेच ऑईल उरलंय म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. काही जीएल-५ ऑईल पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) मानवत नाहीत. गिअरबॉक्सला पुस्तिकेत सांगितलेलंच टाका.

घाटमाथा

कुंडलिकाकाठ, ब्रीदर काढून साफ केला, हवा जाते. पिनियन सीलही कोरडं आहे, म्हणजे गळती कव्हरचीच होती.

आणखी एक, नवीन लोकांसाठी. जुनं ऑईल सोडण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते बघून घ्या. तो गंजून अडकला असेल आणि खालून ऑईल काढून झालं असेल, तर गाडी जागेवरच अडकली. भरताना गाडी सपाट जागेवर हवी, मागून जॅकवर उचललेली नको, नाहीतर लेव्हल चुकते. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑईल आलं की बस. जास्त भरलं तर तेही सीलमधूनच बाहेर येणार.

काका, सिलिकॉनवर मी ठाम आहे. तुम्ही पॅकिंगवर राहा.

जुना फिटर

राहतो. पुढच्या वेळी खोलाल तेव्हा आतला वळ किती निघाला त्याचा फोटो इथे टाका. पातळ निघाला तर पुढचं कव्हर मी सिलिकॉनवर बसवीन.